सुपरमॅन युनोत जातो

१९८७ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत ‘सुपरमॅन ४ : द क्वेस्ट फॉर पीस’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि पाहता पाहता चित्रपटगृहांतून दिसेनासा झाला. १९७८ च्या पहिल्या ‘सुपरमॅन’ने एकट्या अमेरिकेत १३ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवले होते, या चौथ्या भागाच्या पदरात जेमतेम दीड कोटी पडले. समीक्षकांनी त्याची टर उडवली, प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि त्यानंतर १९ वर्षे, म्हणजे २००६ पर्यंत, सुपरमॅन मोठ्या पडद्यावर परत आला नाही. २००६ साली आला तोही तिसरा व चौथा हे भाग जणू निघालेच नव्हते असे गृहीत धरून.

एखादा गल्लाभरू चित्रपट पडला तर त्याची दखल समाजवादी कार्यकर्त्याने का घ्यावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर या चित्रपटाच्या विषयात आहे. त्या काळात जगातील अण्वस्त्रांची संख्या सुमारे ७० हजारांवर पोचली होती. १२ जून १९८२ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अण्वस्त्रबंदीसाठी जो जनसमुदाय लोटला, त्याचा अंदाज १० लाखांपर्यंत केला जातो. इंग्लंडमध्ये ग्रीनहॅम कॉमनच्या लष्करी विमानतळाबाहेर १९८१ पासून स्त्रिया तंबू ठोकून बसल्या होत्या. १९८५ च्या जानेवारीत सहा राष्ट्रांच्या प्रमुखांनी दिल्लीत जमून अण्वस्त्रस्पर्धा थांबविण्याचे आवाहन केले होते. म्हणजे विषय जिव्हाळ्याचा होता, त्यासाठी रस्त्यावर उतरणारी माणसे लाखांनी होती, आणि जगातील सर्वांत लोकप्रिय कल्पित नायक तो विषय हाती घेत होता. तरीही ही माणसे त्या चित्रपटाकडे फिरकली नाहीत. हे का घडले, हे समजून घेण्याजोगे आहे.

सर्वसाधारणपणे दिले जाणारे स्पष्टीकरण पैशाचे आहे, आणि ते खोटे नाही. नायकाची भूमिका करणारा ख्रिस्तोफर रीव्ह तिसऱ्या भागानंतर या पात्राला कंटाळला होता. त्याला पुन्हा उभे केले ते कॅनन या कंपनीने. मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस या दोघा इस्राएली भावंडांनी (ते चुलतभाऊ होते) १९७९ साली ही डबघाईस आलेली कंपनी पाच लाख डॉलरांना विकत घेतली होती. चार्ल्स ब्रॉन्सन, चक नॉरिस यांच्या स्वस्तातल्या मारधाडपटांवर तिने बस्तान बसवले. रीव्हला तिने दोन गोष्टी देऊ केल्या : कथानक ठरविण्यात वाटा, आणि त्याच्या मनातला ‘स्ट्रीट स्मार्ट’ हा गंभीर चित्रपट काढून देण्याचे वचन. दुसरे वचन पाळले गेले, हे नमूद करायला हवे. त्या चित्रपटाने मॉर्गन फ्रीमन या नटाला ऑस्करचे पहिले नामांकन मिळवून दिले. अण्वस्त्रांचा विषय रीव्हनेच सुचवला, आणि त्याच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे काहीही कारण नाही.

कॅननचा व्यवहार मात्र पाहण्यासारखा होता. चित्रपट तयार होण्याआधीच, पुष्कळदा नुसत्या जाहिरातीच्या कागदावर, त्याचे परदेशांतील वितरणाचे आणि व्हिडिओचे हक्क विकायचे. त्या करारांच्या तारणावर बँकांकडून कर्ज उचलायचे. त्या कर्जातून तो चित्रपट आणि आधीच्या चित्रपटांची देणी भागवायची. १९८६ च्या सुमारास ही कंपनी वर्षाला चाळीसच्या आसपास चित्रपटांचा रतीब घालीत होती. त्याच वर्षी तिने ब्रिटनमधील एल्स्ट्री स्टुडिओ आणि चित्रपटगृहांची एक मोठी साखळी विकत घेऊन आपल्या डोक्यावरचे कर्ज आणखी वाढविले. तिच्या हिशेबांची चौकशी अमेरिकेच्या रोखे नियंत्रक आयोगाने सुरू केली होती. अशा व्यवस्थेत विक्रीची किंमत अगोदरच ठरलेली असते. मालकाच्या हाती उरतो तो एकच उपाय, खर्च कमी करणे. खर्च कापला तर त्याचे फळ आज दिसते, आणि त्याचे नुकसान मात्र प्रेक्षक तिकीट काढून आत बसेल तेव्हा दिसते. ज्याची रक्कम आधीच उचलून दुसरीकडे खर्च झाली आहे, त्या प्रेक्षकाची फिकीर अशा मालकाने करावी तरी कशाला? उभ्या पिकावर सावकाराकडून उचल घेणाऱ्या शेतकऱ्याचा नाइलाज असतो. येथे नाइलाज नव्हता, होती ती हाव.

सुमारे साडेतीन कोटी डॉलरांचा म्हणून ठरलेला चित्रपट अखेर १ कोटी ७० लाखांत उरकण्यात आला. १९७८ च्या पहिल्या भागावर साडेपाच कोटी खर्च झाले होते, आणि मधल्या काळात महागाई किती वाढली हे सांगायला नको. त्या पहिल्या भागात माणूस खरोखर उडतो असे वाटावे म्हणून तंत्रज्ञांनी कॅमेऱ्याची नवी युक्ती शोधून काढली होती आणि त्या कामगिरीसाठी खास ऑस्कर मिळाले होते. चौथ्या भागात सुपरमॅन एकाच मुद्रेत, एकाच कोनातून, पुन्हा पुन्हा प्रेक्षकाच्या अंगावर उडत येतो. एकदा चित्रित केलेला तुकडा निरनिराळ्या पार्श्वभूमींवर चिकटवलेला आहे. तारा दिसतात. चंद्रावरच्या मारामारीत आकाश म्हणून टांगलेल्या काळ्या पडद्याच्या चुण्या दिसतात. एका प्रसंगी तर खलनायक एका तरुणीला साध्या कपड्यांत अंतराळात नेतो आणि ती तेथे सुखाने श्वास घेते. शाळकरी मुलालाही हे खटकते. किंबहुना शाळकरी मुलालाच अधिक खटकते, कारण हवा कोठपर्यंत असते हे त्याने नुकतेच पाठ केलेले असते.

सर्वांत बोलका प्रसंग संयुक्त राष्ट्रसंघाचा आहे. सुपरमॅन न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून चालत युनोच्या इमारतीकडे निघतो आणि वाटेत लोक त्याच्या मागे चालू लागतात, अशी मूळ कल्पना. महात्म्याच्या पदयात्रेची आठवण व्हावी असे हे दृश्य होऊ शकले असते. ते चित्रित झाले इंग्लंडमधील मिल्टन कीन्स या नव्याने वसवलेल्या गावात, तेथल्या रेल्वेस्थानकासमोर. रीव्हने पुढे आत्मचरित्रात या प्रसंगाविषयी खेदाने लिहिले आहे : पावसाळी दिवस, शंभरेक भाडोत्री माणसे, रस्त्यावर वाहतुकीचा पत्ता नाही. जगाच्या शांततेसाठी उसळलेला जनसागर म्हणून पडद्यावर जे दिसते, ते एका आडगावच्या स्थानकाबाहेर बसची वाट पाहणाऱ्यांइतके आहे.

त्यातही भर म्हणून, आरंभीच्या प्रयोगांना प्रेक्षकांनी नाके मुरडली तेव्हा सुमारे पाऊण तासाचा भाग कापून टाकण्यात आला. त्यामुळे कथेतील पात्रे कोठून येतात आणि कोठे जातात याचा मेळ राहिला नाही.

एवढे सगळे खरे असले तरी दारिद्र्य हे अपयशाचे पूर्ण कारण ठरत नाही. २०२३ साली निघालेल्या ‘द मार्व्हल्स’ या अतिमानवपटावर २० कोटी डॉलरांहून अधिक पैसा ओतला गेला आणि तरी त्या मालिकेतला तो सर्वांत कमी उत्पन्नाचा चित्रपट ठरला. दृश्यचमत्कार तयार करणाऱ्या संगणक कारागिरांना रात्रंदिवस राबवूनही प्रेक्षक मिळाला नाही. त्या कंपनीच्या कारागिरांनी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एकमताने युनियन स्थापन केली, ही त्यातली त्यात बरी गोष्ट. म्हणजे तारा लपविता आल्या असत्या, मिल्टन कीन्सऐवजी खरे न्यूयॉर्क मिळाले असते, तरी चौथा सुपरमॅन तरला असता असे खात्रीने म्हणवत नाही. त्याच्या कथेतच एक खोट आहे आणि ती पैशाने बुजण्यासारखी नाही.

कथा अशी. जेरेमी नावाचा एक शाळकरी मुलगा सुपरमॅनला पत्र लिहितो, की तू जगातली अण्वस्त्रे नष्ट कर. (१९८२ साली समँथा स्मिथ या दहा वर्षांच्या अमेरिकन मुलीने सोव्हिएत नेते आंद्रोपोव्ह यांना लिहिलेले पत्र वाचकांना आठवेल.) सुपरमॅन विचारात पडतो. त्याच्या ग्रहाच्या पूर्वजांची आज्ञा आहे की मानवी इतिहासात हस्तक्षेप करू नये. अखेर तो युनोत जातो आणि जाहीर करतो की मी हे काम करणार. सर्व राष्ट्रांचे प्रतिनिधी टाळ्यांचा कडकडाट करतात. मग देशोदेशी क्षेपणास्त्रे आकाशात सोडली जातात, सुपरमॅन ती एका प्रचंड जाळ्यात गोळा करतो आणि सूर्यात भिरकावून देतो. हे सारे चित्रपटाच्या पूर्वार्धातच आटोपते.

येथे कोणताही राजकीय कार्यकर्ता थबकेल. विरोध कोणी केला? सेनापतींनी? क्षेपणास्त्रांच्या कारखानदारांनी? ज्यांच्या मतदारसंघात ते कारखाने आहेत त्या लोकप्रतिनिधींनी? ज्यांची रोजी त्या कारखान्यांवर चालते त्या कामगारांनी? कोणीही नाही. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यातील अविश्वास एका टाळीत विरघळून जातो. १९८६ च्या ऑक्टोबरात, हा चित्रपट तयार होत असताना, रेगन आणि गोर्बाचेव्ह रिक्याविक येथे भेटले आणि अण्वस्त्रनिर्मूलनाच्या अगदी उंबरठ्यापर्यंत जाऊन रिकाम्या हातांनी परतले. ती बोलणी अंतराळातील शस्त्रयोजनेवरून फिसकटली. वर्तमानपत्रे वाचणाऱ्या प्रेक्षकाला हे ठाऊक होते. निःशस्त्रीकरणाची खरी अडचण कोठे आहे हे त्याला कळत होते, आणि पडद्यावर मात्र अडचणच नव्हती.

अडचण नसली की नाट्य नाही. आणि नाट्य हवे म्हणून मग लेखकांनी ते सूर्यातून आणले. लेक्स लूथर हा जुना खलनायक संग्रहालयातून सुपरमॅनचा केस चोरतो, त्यातील बीज एका क्षेपणास्त्राला जोडतो, ते सूर्यात पडताच तेथून ‘अणुमानव’ जन्म घेतो. उन्हात बलाढ्य, सावलीत निर्जीव असा हा सोनेरी केसांचा पैलवान. पुढचा चित्रपट म्हणजे या दोघांची कुस्ती. पूर्वार्धात मानवजातीचे भवितव्य, उत्तरार्धात आखाडा. समीक्षकांना पहिला भाग उपदेशाचा आणि दुसरा बालिश वाटला. मुलांना पहिला कंटाळवाणा आणि दुसरा भिकार वाटला. दोघांचेही चुकले नाही.

लूथर पुन्हा शस्त्रस्पर्धा सुरू व्हावी म्हणून शस्त्रव्यापाऱ्यांशी संगनमत करतो, असा धागा कथेत आहे. खरा चित्रपट तेथे होता. परंतु ते व्यापारी हास्यास्पद बाहुल्यांसारखे येतात आणि जातात. येथे सुपरमॅनच्या जन्मकथेची आठवण करून देणे भाग आहे. १९३८ साली क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन गरीब ज्यू तरुणांनी हे पात्र उभे केले ते महामंदीच्या आणि रूझवेल्टच्या सुधारणांच्या काळात. तो आरंभीचा सुपरमॅन ग्रहगोल उचलीत नसे. लाच खाणाऱ्या सिनेटरला तो वठणीवर आणतो. सुरक्षिततेची हेळसांड करणाऱ्या खाणमालकाला त्याच्या मेजवानीच्या पाहुण्यांसह खाणीत कोंडतो आणि खाणकामगाराचे जिणे काय असते याचा अनुभव देतो. गलिच्छ वस्त्यांत मुले बिघडतात म्हणून त्या वस्त्या पाडून टाकतो, म्हणजे सरकारला नवी घरे बांधावीच लागतात. आणि दुसऱ्याच अंकात एका दारूगोळ्याच्या कारखानदाराला तो स्वतःच्या तोफांसमोर शिपाई म्हणून उभा करतो. पुढे दोन्ही बाजूंच्या सेनापतींना समोरासमोर आणून लढा म्हणतो, तेव्हा आपण कशासाठी लढत आहोत हेच त्यांना सांगता येत नाही. दहा सेंटांच्या, मुलांसाठी छापलेल्या चोपड्यात युद्धाचे अर्थकारण इतक्या सरळ सांगितले गेले होते. १९८७ सालच्या चित्रपटाला तेवढेही जमले नाही.

त्या दोघा तरुणांचे पुढे काय झाले? पात्राचे सर्व हक्क त्यांनी १३० डॉलरांना विकले होते. प्रकाशकाने त्यावर अमाप पैसा मिळविला, त्यांनी दावा लावला तेव्हा त्यांना कामावरून दूर केले. १९७५ साली, पहिल्या चित्रपटाची जुळवाजुळव सुरू असताना, वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर वॉर्नर कंपनीने त्यांना प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलरांचे निवृत्तिवेतन आणि श्रेयनामावलीत नाव देऊ केले. दीनदुबळ्यांच्या कैवाऱ्याला जन्म देणाऱ्यांना स्वतःचा कैवार घेणारा चाळीस वर्षे भेटला नाही.

सीगल आणि शुस्टर यांच्या परंपरेत एक शहाणपण होते, ते चौथ्या भागाच्या लेखकांनी हरवले. १९४० साली ‘लुक’ या नियतकालिकासाठी त्यांनी दोन पानांची चित्रकथा केली. तीत सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन या दोघांना मानगुटीला धरून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे करतो. नाझी पत्राने त्यावर दातओठ खाल्ले. परंतु पुढे अमेरिका स्वतः युद्धात उतरल्यावर असे चालणार नव्हते. खऱ्या आघाडीवर खरी माणसे मरत असताना सुपरमॅनने एका दिवसात युद्ध संपविले असते तर त्या मरणाची थट्टा झाली असती. तेव्हा एक गमतीदार तोड काढण्यात आली : सुपरमॅनचा मानवी अवतार असलेला क्लार्क केंट सैन्यभरतीला जातो, तेथे अनवधानाने त्याची भेदक दृष्टी भिंतीपलीकडच्या खोलीतला तक्ता वाचते, आणि डोळे अधू म्हणून त्याला परत पाठविले जाते. जे दुःख खरे आहे आणि अजून संपलेले नाही, ते कल्पित बाहुबलाने संपवून दाखवू नये, हा विवेक त्या विनोदामागे आहे.

अवताराच्या प्रतीक्षेत पिढ्या घालविलेल्या समाजाला हे अधिक सांगण्याची गरज नाही. चौथ्या भागाची गंमत अशी की शेवटी त्यालाही हे उमगते. सर्व संपल्यावर सुपरमॅन भाषण करतो आणि कबूल करतो की शांतता कोणाला दान देता येत नाही. लोकांना ती इतकी हवीशी झाली पाहिजे की सरकारांना ती देण्यावाचून गत्यंतर उरू नये. भाषण चांगले आहे. कोणत्याही शांतता परिषदेत शोभेल. पण दीड तास जे दाखविले त्याच्या ते नेमके विरुद्ध आहे. त्या दीड तासात लोक काय करतात? एक मुलगा पत्र लिहितो, आणि बाकीचे मान वर करून आकाशाकडे पाहतात.

‘डेली प्लॅनेट’ या वर्तमानपत्राचे उपकथानकही असेच आहे. सवंग पत्रांचा एक धनाढ्य मालक ते वर्तमानपत्र गिळंकृत करतो आणि पहिल्या पानावर भडक मथळे छापू लागतो. विषय अत्यंत ताजा होता. एल्स्ट्रीत हे चित्रीकरण चालू असताना काही कोसांवर, लंडनच्या वॉपिंग भागात, रूपर्ट मरडॉकच्या छापखान्यापुढे काढून टाकलेल्या पाच हजारांहून अधिक मुद्रणकामगारांचा लढा वर्षभर धगधगत होता. चित्रपटात प्रश्न कसा सुटतो? वृद्ध संपादक बँकेकडून कर्ज मिळवितो, भाग विकत घेतो आणि धनाढ्य मालकाला अल्पमतात आणतो. म्हणजे भांडवलदाराचे संकट बँकेने निवारले! जिच्या प्रत्येक चित्रपटाच्या फितीवर बँकेचा बोजा होता त्या कंपनीला हाच उपाय सुचावा, यात नवल नाही. वर्तमानपत्रातील खिळे जुळविणारा, यंत्र चालविणारा, गठ्ठे वाहणारा एकही माणूस त्या कथेत तोंड उघडत नाही.

चित्रपट कोसळल्याला पाच महिनेही झाले नव्हते तोच ८ डिसेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार केला. १९९१ पर्यंत दोन्ही देशांची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट करण्यात आली, आणि त्यांत ग्रीनहॅम कॉमनवरची क्रूझ क्षेपणास्त्रेही होती. त्यांची ने-आण करणाऱ्या गाड्यांवर पाळत ठेवीत, कुंपणाच्या तारा कापीत, तुरुंगात जात त्या स्त्रियांनी पाऊस आणि थंडी अंगावर काढली होती. कराराचे श्रेय त्यांचे एकटीचे नव्हे. सोव्हिएत अर्थव्यवस्थेवरचा ताण, गोर्बाचेव्हची दूरदृष्टी, रेगनच्या मनातील बदल ही कारणे आहेतच. करार अमरही ठरला नाही. २०१९ साली तो मोडीत निघाला. पण जे झाले ते तपासनिसांच्या डोळ्यांदेखत, एकेक क्षेपणास्त्र मोजून, कापून आणि जाळून झाले. जाळे आणि सूर्य यांपेक्षा ही दृश्ये नीरस, आणि तरी त्यांत शेकडो पटींनी अधिक नाट्य होते.

रीव्हविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. १९८७ च्याच नोव्हेंबरात चिलीमधील सत्तरहून अधिक नटनट्यांना पिनोशेच्या राजवटीशी संबंधित मारेकऱ्यांच्या टोळीकडून धमकीची पत्रे गेली : महिनाअखेरपर्यंत देश सोडा, नाही तर मराल. लेखक आरियेल दोर्फमन यांनी परदेशी कलावंतांची मदत मागितली. हेच दोर्फमन, ज्यांनी पूर्वी डोनाल्ड डकच्या चित्रकथांतील साम्राज्यवादी विचारांची चिरफाड करणारे पुस्तक आर्मां मातलार यांच्याबरोबर लिहिले होते. रीव्ह विमानाचे तिकीट काढून सांतियागोला गेला. कलावंतांच्या सभेची ठरलेली जागा पोलिसांनी मिळू दिली नाही, तेव्हा ती एका गॅरेजमध्ये भरली. दाटीवाटीने उभ्या असलेल्या लोकांपुढे त्याने कागदावरून एक छोटे निवेदन वाचले. लोक त्याला पडद्यावरच्या नावाने हाका मारीत होते. मुदत उलटली, धमकी प्रत्यक्षात आली नाही. १९९५ साली घोड्यावरून पडून तो मानेखाली संपूर्ण लुळा झाला, आणि २००४ साली वारला. त्याच वर्षी, त्याच्या मृत्यूपूर्वी, लोकशाही चिलीने त्याला आपल्या देशाचा मोठा सन्मान दिला होता. तो चाकांच्या खुर्चीत बसून त्याने स्वीकारला.